जर्मनीचा ५८ युरोचा पास आणि आमचं झिरो तिकीट, दोन्ही वापरून बघितलं

जून ते ऑगस्ट २०२५ म्युनिकला लेकीकडं राहून आले. आल्यापासून गल्लीत ज्याला त्याला एकच विचारायचं असतंय, "काकू, तिकडं कसं हाय हो, आपल्यापेक्षा भारी काय?" आता ह्याला काय सांगायचं. देश म्हणजे काय मिक्सर आहे होय, तीन महिने चालवला आणि सांगितलं की मोटर चांगली आहे पण भांडं हलकं आहे. पण एक गोष्ट मी तिथं रोज वापरली आणि तीच गोष्ट इथं बेळगावात दोन वर्षं झाली वापरते, ती म्हणजे बसचं तिकीट. तिथं महिन्याचा पास तेव्हा ५८ युरोचा, इथं कर्नाटकात बायकांना शून्य रुपयाचं तिकीट. तेवढ्याचाच रिव्ह्यू लिहिते, बाकी देशाचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

तिथल्या पासला डॉइचलांड-टिकेट म्हणतात. मे २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ युरो होता, २०२५ च्या जानेवारीत ५८ केला, आणि २०२६ पासून ६३. मी होते तेव्हा युरो शंभराच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला पाच हजार आठशे रुपये धरा. आकडा ऐकल्यावर आमचे हे फोनवर म्हणाले, "एवढ्यात माझ्या स्कूटरला किती महिने पेट्रोल होईल बघ." मी म्हणलं स्कूटर तुमची, मला कुठं चालवायला येतेय. आणि हिशोब ऐका की, म्युनिकमध्ये गावातल्या गावात एकदा कुठं जायचं म्हणलं तरी चार युरोच्या वर तिकीट आहे, जाऊन-येऊन आठच्या वर, म्हणजे सात-आठ दिवस बाहेर पडलं की पास वसूल. मी महिन्यात पंचवीस दिवस तरी बाहेर पडत होते. लेक आणि जावई दोघं आपापल्या कामाला, नातू सकाळी आठला पाळणाघरात, मी एकटी घरात बसून काय भिंती बघू?

पासवर काय चालतं तर सगळ्या जर्मनीतल्या गावांतल्या बस, ट्राम, जमिनीखालची मेट्रो, उपनगरातली लोकल आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या साध्या रेल्वे. लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या, आयसीई वगैरे, त्या चालत नाहीत. पास फोनमध्ये असतो, नावावर असतो, सोबत पासपोर्ट ठेवायचा. आणि तिथं कंडक्टर नाही, गेट नाही, कुणी विचारणारच नाही. दार उघडलं, चढायचं, बसायचं. पहिला आठवडा मी फोन हातात धरून, पास उघडून, तिकीट दाखवायच्या पोजमध्येच बसायची, नातू हसायचा. कधीतरी साध्या कपड्यातली दोन माणसं अचानक उठतात आणि कार्ड दाखवून तिकीट मागतात, नसलं की ६० युरो दंड. तीन महिन्यांत मला नऊ वेळा विचारलं, मी मोजलंय, कारण प्रत्येक वेळी काहीही चूक नसताना छातीत धडधडायचं. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर व्हायचं ना, तसंच.

बस स्टॉपवर आली की एका बाजूला वाकते. खरंच वाकते, देवळातल्या हत्तीसारखी, फुटपाथला टेकते आणि तुम्ही पाऊल न उचलता आत. माझा उजवा गुडघा दोन वर्षं झाली नाटकं करतोय त्यामुळे मला तर ही गोष्ट त्या सगळ्या देशातली सगळ्यात भारी वाटली. लेकीच्या बिल्डिंगमध्ये एक म्हातारी होती, पंच्याऐंशीच्या पुढची असणार, ती चाकाची ढकलगाडी घेऊन रोज एकटी बसनं बाजारला जायची आणि पुढं अडकवलेल्या पिशवीत दोन टोमॅटो, एक पाव घेऊन परत यायची. माझी सासू पंच्याहत्तरची असताना तिला दवाखान्याला न्यायचं तर रिक्षा, एक पुतण्या, शेजारची एक बाई आणि मी अशी वरात निघायची. आता त्या म्हातारीला दोन टोमॅटो आणून द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं हेही खरं, मी विचारलं लेकीला. पण तिला कुणाला "मला नेता का" असं विचारावं लागत नव्हतं. हे मला फार लागलं. बरं वाटलं का वाईट वाटलं ते अजून ठरलेलं नाही.

आता माझी चूक सांगते. म्युनिकपासून तासाभरावर टेगर्नझे म्हणून तळं आहे, डोंगर, पाणी, सगळं कॅलेंडरवरच्या फोटोसारखं. एका मंगळवारी मी डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी घेऊन एकटीच निघाले. लेकीनं सांगितलं होतं की गाडीचे मध्येच तुकडे होतात, बघून बस. मला वाटलं चेष्टा करतेय. तर होल्त्सकिर्शेन नावाच्या स्टेशनवर खरंच एक भाग एकीकडं जातो आणि दुसरा दुसरीकडं, डब्यावर पाटी असते, जर्मनमधून अनाउन्समेंट होते, आणि मी मस्त खिडकीतून गाई बघत बसलेले. थोड्या वेळानं तळं आलं, मी उतरले. काय सुंदर तळं! काठाला बाकावर बसले, डबा खाल्ला, दोन बदकांना चपातीचा तुकडा टाकला (टाकायचा नसतो म्हणे, नंतर कळलं), आणि लेकीला फोटो पाठवला, पोचले टेगर्नझेला. पाच मिनिटांत तिचा फोन, "आई, हे टेगर्नझे नाही, हे श्लियरझे आहे, तू चुकीच्या तुकड्यात बसलीस!"

पहिल्यांदा पोटात गोळाच आला. परदेश, भाषा येत नाही, आणि डोक्यात लगेच हिशोब सुरू की आता परत जायचं तिकीट किती, इथून तिकडं जायचं किती, ह्यांना सांगायचं का नाही. मग आठवलं की अगं पास आहे की. एक पैसा जास्त लागत नाही. परतीच्या गाडीनं होल्त्सकिर्शेनला आले, तिथं दुसऱ्या गाडीचा नीट बोर्ड वाचला, एका पोराला विचारून खात्री केली आणि चार वाजता टेगर्नझेला पोचले. एका दिवसात दोन तळी झाली. मला तर पहिलंच जास्त आवडलं.

पास म्हणजे पैसे वाचतात असं सगळे सांगतात, वाचत असतील, पण माझ्या बाबतीत तो खरा उपयोगी पडला तो चुकल्यावर. चुकीच्या गाडीत बसलं तरी चालतंय, जास्त पैसे लागत नाहीत, घरी जाऊन कुणाला सांगायला नको. ज्या बाईनं पस्तीस वर्षं बाजारातून आल्यावर "एवढे कसे लागले" ह्याचा हिशोब दिलाय तिलाच ह्याचं कौतुक कळेल. पुरुष मंडळी म्हणतील त्यात काय एवढं.

त्याच पासवर आम्ही एका शनिवारी साल्झबुर्गला गेलो, ते ऑस्ट्रियात आहे, दुसरा देश. फ्रायलासिंग हे जर्मनीतलं शेवटचं स्टेशन, मग एक नदी, पूल, आणि पलीकडं ऑस्ट्रिया. साल्झबुर्गच्या मेन स्टेशनपर्यंत पास चालतो. मी पुलावर मुद्दाम जागी राहिले बघायला की आता काय होतंय. काही नाही झालं. कुणी तिकीट बदला म्हणलं नाही, उतरा म्हणलं नाही, गाडी थांबली पण नाही. हां, येताना मात्र फ्रायलासिंगला पोलिस चढले आणि सगळ्यांचे पासपोर्ट बघितले, ते आता तिकडं करतात, त्यामुळे बॉर्डर नाहीच असं म्हणायला नको. पण तिकिटाला बॉर्डर नव्हती. मी बाचीच्या, म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या रस्त्यावर येणं-जाणं करणारी बाई, मला हे बघून हसायलाच आलं, जावई विचारतात आई काय झालं, त्यांना काय सांगणार, ते नाशिकचे.

तिथल्या पासच्या तक्रारी पण आहेत, नाहीत असं नाही. गाड्या लेट होतात, आपल्याला वाटतं जर्मनी म्हणजे घड्याळ, तसं काही राहिलेलं नाही, एकदा तर प्लॅटफॉर्मवर उभी असताना बोर्डावरनं गाडीच गायब झाली. फोनची बॅटरी संपली की पासही संपला. मोठ्या स्टेशनवर संडासला जायचं तर नाणं टाकायचं, साठीनंतर हा खर्च पासपेक्षा जास्त होतो की काय असं वाटायला लागतंय. आणि हा पास म्हणजे चालूच राहणारं सबस्क्रिप्शन असतंय, बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत सांगावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

आता आपलं. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना साध्या बसला आणि एक्स्प्रेसला तिकीट नाही, एसी, स्लीपर असल्या गाड्यांना मात्र आहे. आधार दाखवायचं, पत्ता कर्नाटकचा पाहिजे, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. मी जर्मनीत असताना जुलैमध्येच पाचशे कोटी तिकिटं झाली म्हणून बंगळुरात कार्यक्रम झाला, बहिणीनं व्हिडिओ पाठवला होता, त्या पाचशे कोटीत माझी पण चारेकशे असतील.

सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, सकाळी साडेआठला जाऊन बघा. उचगाव, बेकिनकेरे, सुळगा, हिंडलगा, त्या बाजूच्या सगळ्या गावांतनं बायका येतात, भाजीच्या बुट्ट्या, रताळ्याची पोती, कुणी धुणीभांड्याला, कुणी दुकानात कामाला, कॉलेजच्या पोरी. आधी ह्यातल्या निम्म्या जणी वडापाच्या गाडीत दाटीनं यायच्या नाहीतर चालत यायच्या, आमच्याकडं कामाला येते ती सांगते की महिन्याला तिचे हजारभर रुपये वाचतात आणि ते तिनं पोरीच्या क्लासला घातले. तिला जर्मनीच्या पासचं सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "मग कामाला जायचं तरी पैसे भरायचे होय?" बरोबर आहे की तिचं.

पण गर्दी. अगं बाई, गर्दी. पौर्णिमेला सौंदत्तीची गाडी बघा, दारातनं आत जायला यल्लम्माचंच नाव घ्यावं लागतं. पायरी माझ्या गुडघ्यापेक्षा वर, एक हात दांडीला, एक हात पिशवीला, मागनं कुणीतरी ढकलतं तेव्हा आपण आत जातो, बस काय वाकत नाही, आपणच वाकायचं. आत गेलं की कंडक्टर "मुंद होग्री अक्का, मुंद होग्री," म्हणजे पुढं व्हा, पुढं व्हा. आणि फुकट म्हणून बोलणी. २०२५ च्या जानेवारीत भाडं पंधरा टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून पुरुषांचा राग जास्तच, एकदा एक गृहस्थ मला ऐकू जाईल असं म्हणाले, फुकटचे लोक बसलेत आणि पैसे भरणारे उभे. मी उठले नाही. गुडघा माझा आहे, तिकीट शून्याचं असलं म्हणून पाय काय शून्याचे होत नाहीत. म्युनिकमध्ये माझ्या शेजारी बसलेल्याला माझं तिकीट कितीचं हे कळत नाही, इथं साऱ्या बसला कळतं.

तरीपण चुकायची मोकळीक इथं पण आहे बघा. मागं एकदा खानापूरला जायचं सोडून गप्पांच्या नादात भलत्याच गाडीत चढले, पुढच्या स्टॉपवर उतरले, परत आले, दुसऱ्या गाडीत बसले, तीन झिरो तिकिटं झाली आणि घरात कुणाला पत्ता नाही. टेगर्नझेच्या दिवशी मला हेच आठवलेलं.

फक्त बाचीपर्यंत. माझं माहेर चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पुढं. बाची म्हणजे कर्नाटकातलं शेवटचं गाव आणि शिनोळी म्हणजे महाराष्ट्र, मध्ये नदी नाही, डोंगर नाही, रस्त्याचं डांबर तेवढं बदलतंय. थेट चंदगडच्या गाडीला आमचं झिरो तिकीट चालत नाही कारण ती आंतरराज्य. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, म्हणजे बेळगाव ते हद्द पूर्ण आणि तिथून पुढं अर्धं. म्हणून मी काय करते, बाचीपर्यंत फुकट जाते, उतरते, पिशवी घेऊन शिनोळीला चालत जाते आणि तिथनं अर्ध्या तिकिटात माहेरी. पैसे किती वाचतात ते सोडा, वीस-तीस रुपये, पण हट्ट.

वहिनी माझ्याकडं आलेली असली आणि आम्ही दोघी मिळून परत निघालो की मजा बघा. सीबीटीवरनं एकाच सीटवर दोघी, माझं तिकीट शून्य, तिचं पूर्ण, कारण तिच्या आधारवर जिल्हा कोल्हापूर. बाचीला उतरून चाललो की शिनोळीच्या गाडीत दोघींचं अर्धं अर्धं. तासाभरात दोन नणंद-भावजया तीन भावांत विकल्या जातात. तिचं कायम चालू असतंय, "तुमचं सरकार बघा", मी म्हणते कुठलं गं माझं, मी तर दोन्हीकडची आहे नाहीतर कुठलीच नाही. आणि दोन्हीकडं सीमेच्या वादावरनं काही वाजलं की पहिल्यांदा गाड्याच बंद होतात, बॉर्डरपर्यंत येतात आणि वळतात, मग कार्यक्रम असो की मयत, चालत जायचं नाहीतर कुणाची तरी गाडी बघायची.

ह्यावरनं आठवलं, म्युनिकला लेकीच्या ओळखीतल्या एक पुण्याच्या बाई भेटल्या, त्या मला म्हणाल्या, "तुम्ही कर्नाटकच्या ना, मग मराठी एवढं छान कसं येतं?" घ्या. चार हजार मैल जाऊन हेच ऐकायचं. वर मी "बरंय, येतो मी" म्हणले तर त्या मागं बघायला लागल्या की कुठला पुरुष बोलला. लिहिताना मी गेले-आले लिहिते, बोलताना आमच्या बेळगावच्या बायका "मी गेलो, मी आलो"च म्हणतात, त्याला इलाज नाही.

बाकीचं थोडक्यात. पाणी: तिथं नळाचं तसंच प्यायचं. म्युनिकचं बरंचसं पाणी मांगफाल नदीच्या खोऱ्यातनं येतं आणि ती नदी निघते माझ्या त्या टेगर्नझेतनंच. आमच्या बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांचं, राकसकोप तर माझ्या माहेरापासून फार लांब पण नाही, पाणी गोड आहे, फक्त आमच्या गल्लीत ते यायचा दिवस ठरलेला नसतो, आलं की "पाणी आलंsss" म्हणून जी आरोळी उठते ती ऐकून म्युनिकमध्ये पोलिस आले असते. डॉक्टर: तिथं जावयाला कातडीच्या डॉक्टरची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, इथं मी संध्याकाळी चप्पल घालून जाते आणि औषध घेऊन येते, पैसे जातात पण येते. भाडं: लेकीचा निम्म्याच्या आसपास पगार घरभाड्यात जातो, दोघं कमावतात म्हणून चाललंय. रविवारी सगळी दुकानं बंद, कोथिंबीर संपली तर सोमवारपर्यंत थांबायचं. रिकाम्या प्लास्टिक बाटलीचे दुकानात २५ सेंट परत मिळतात, मी पहिल्याच आठवड्यात त्यात एक्स्पर्ट झाले.

रात्रीचं मात्र सांगायला पाहिजे. म्युनिकमध्ये एकदा लेकीच्या मैत्रिणीकडनं मी रात्री साडेअकराला एकटी लोकलनं घरी आले. डब्यात सहा-सात लोक, सगळे आपापल्या फोनमध्ये. कुणी बघितलं नाही. इथं माहेरातनं निघायचं तर चार वाजल्यापासून आई, म्हणजे आता वहिनी, मागं लागते की निघ, सातच्या पुढं गाडी मिळणार नाही. तिकीट शून्याचं असून काय करायचं, गाडीच नसली तर. ह्या एका गोष्टीत तिथला पास पाच हजार आठशेला पण स्वस्त म्हणते मी.

तर स्टार द्यायचे म्हणलं तर जर्मनीच्या पासला पाचातले चार, एक कापला लेट गाड्या आणि संडासच्या नाण्याला. आमच्या झिरो तिकिटाला साडेतीन, अर्धा पायरीला, अर्धा सातनंतरच्या अंधाराला, आणि अर्धा बाचीला. त्याच बायकांनी द्यायचे म्हणलं ज्या साडेआठला बुट्टी घेऊन येतात तर त्या पाच देतील, आणि त्यांचं मत माझ्यापेक्षा जास्त धरावं.

आणि ते १० तारखेचं. लेकीला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं माझा पास बंद कर, ती विसरली, १५ तारखेला आठवलं, झालं, सप्टेंबरचे ५८ युरो गेले. म्हणजे मी गौरी-गणपतीचं आवरून बाचीच्या गाडीत उभी, मांडीएवढ्या उंचीच्या पायरीवरनं चढून, हातात माहेरी न्यायचा कुंदा, आणि माझ्या फोनमध्ये सगळ्या जर्मनीत चालणारा पास अजून पंधरा दिवस जिवंत. कंडक्टर आला तशी मी सवयीनं फोन पुढं केला, तोच उघडला गेला, माझं नाव, जर्मन अक्षरं, खाली चौकोनी कोड. त्यानं फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि परत दिला.

"इद अल्लरी अक्का, आधार तोरिस्री." (हे नव्हे अक्का, आधार दाखवा.)